म्हादूभावजींचा हौद

म्हादूभावजी कुनाच्याबी घरात आले की आदी वर बगायचे. मानसाकडं न्हाई. उंबऱ्याच्या आत पाय पडला की मान वर. कवलं भितीला कुठं लागली, तितं पान्याचा काळा वघळ दिसतोय का, वाश्याला बुरशी धरलीय का, त्ये समदं बगून झालं की मंग टोपी काढायची आनि म्हनायचं, "वैनी, हायसा व्हय घरात?" म्या पुढ्यातच चुलीपाशी बसलेली असायची. तरी इचारायचे.

आमची वाडी पालीच्या वरल्या अंगाला, गडाच्या पोटाशी. खाली किकवी-भोंगवलीला पाऊस पडतो. आमच्याकडं त्यो ऱ्हायला येतो. एकदा बसला की चार म्हैनं उठत न्हाई. चूल ओली, जळान ओलं, अंगावरलं लुगडं ओलं. आनि घर गळाय लागलं की ऱ्हायचं कुठं? म्हनून आमच्याकडं म्हादूभावजींना मान हुता. शिसेवाले मिस्तरी म्हनायचे त्येना. पार वेल्ह्यापास्नं बोलावनं यायचं.

माज्या मालकांच्या चुलत्याचं पोरगं ह्ये. मालकांपरीस ल्हान, म्हनून माजे भावजी. आमच्या दोगांच्या घरात भित एकच. हिकडं खोकलं तर तिकडं ऐकाय जायचं.

पोरवयात पाचगनीला पळून गेल्यालं. तितं जुन्या बंगल्यांची छपरं नीट करनारा एक म्हातारा मिस्तरी हुता, त्याच्या हाताखाली शिकले आनि शिशाचं काम घिऊन परत आले. आमच्या हितं तवा ह्ये कुनाला ठावं न्हवतं. छप्पर भितीला लागतं तिथल्या फटीत लोक चिखल भरायचे, न्हाईतर सिमिट, न्हाईतर डांबर. उन्हाळ्यात त्येला तडा जायचा आनि पावसात पानी भितीवरनं खाली. भावजी म्हनायचे, "पानी कवलातनं येत न्हाई वैनी. जोडातनं येतंय. दोन येगळ्या वस्तू जितं एकमेकीला लागल्या, तितं बगायचं."

किकवीच्या ग्यारेजातनं ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या आनायचे. त्या फोडून आतलं शिसं अंगनात तीन दगडांवर लोखंडी कढईत वितळवायचे. धूर घशाला बसायचा. मालक वराडायचे, "म्हादू, कोंबड्या मरत्याल रं." भावजी म्हनायचे, "कोंबड्या शान्या हायत दादा. त्या लांब जात्यात." सवता तितंच उकिडवे बसायचे. मंग राख टाकल्याल्या फरशीवर वतायचं, निवलं की बाभळीच्या थापीनं थापटायचं. त्येची पट्टी करायची. पट्टी झाली की कड दातात धरून चावून बगायचे. दाताची खून उठली तर नरम, कामाची. न्हाई उठली तर परत कढईत. दिसभर त्ये चावनं चाललेलं. आमची पोरं म्हनायची, काका शिसं खात्यात.

भितीत खाच पाडायची, पट्टीची एक कड तिच्यात सारायची, दुसरी कवलावर थापटत आनायची. वलं फडकं टाकावं तशी ती पट्टी कवलाच्या अंगाला बसायची. बगत ऱ्हावं असं काम. पन खरं काम त्येंच्या लेखी पावसात असायचं. लई झड लागली, वाटंला कुत्रं दिसंना, की हे डोस्क्यावर पोतं घिऊन दारात. कुनी बोलावल्यालं नसायचं. ज्या घराचा जोड बसवला त्या घरात यायचं, जोडाखाली बसायचं आनि वर बगत ऱ्हायचं. च्या दिला तर घ्यायचा. बोलायचं न्हाई. आमच्याकडं असंच बसले हुते तवा मालक म्हनले, "म्हादू, आरं कुनी मेल्यासारका काय बसलायस? बोल की कायतरी." भावजी म्हनले, "दादा, जरा गप. ऐकतुया."  पाऊस नुसता कोसळत हुता. लई येळानं भावजी उठले, म्हनले, "न्हाई आलं," आनि पोतं घिऊन गेले.

वाडीच्या देवळाचा मंडप पत्र्याचा आनि गाभारा दगडाचा. त्या जोडातनं दर पावसात पिंडीवर धार लागायची. भावजींनी त्यो जोड बांदला. नाना गुरव म्हनले, "म्हादू, देवाची आंगुळ बंद केलीस की रं." भावजी वरनंच म्हनले, "आता तुमी घालत जावा नाना." लोक लई दिस हसत हुते. नानांचा आंगुळीचा आळस समद्यांना ठावं.

भावजींची मंडळी हौसा. भोरच्या अंगाची. आली तवा लई बोलकी, हसाय लागली की पदर तोंडात कोंबायची. मला आक्का म्हनायची. भावजी कमी बोलनारे, तर त्येंच्या वाटचंबी हीच बोलायची. ती बोलत असली की भावजी थापटायचं थांबवून ऐकायचे. दुसऱ्या कशासाठी त्येनी थापी थांबवल्याली म्या बगितली न्हाई.

पैल्या खेपंला हौसाला दिस ऱ्हायले. पावसाचे दिस. पानी आनायची वड्याची वाट म्हंजी नुसता साबन. हंडा घिऊन येताना पाय घसरला, पडली, आनि दोन दिसांत पोट गेलं.  भावजी त्या वाटंवर जाऊन बसले. म्या वरनं बगत हुती. जितं ती घसरली तितली माती हातानं चाचपत हुते.

त्येंच्या परसात बापाच्या येळचा एक दगडी हौद हुता. पावळीखालीच, छपराचं पानी पडतं तितं. पन दगडाच्या सांध्यांतनं पानी निगून जायचं, म्हनून त्यात कुनी शेनी ठिवायचं, कुनी कडब्याचा पाचुंदा. फुडल्या उन्हाळ्यात भावजींनी बाहेरचं एक काम धरलं न्हाई. त्यो हौद आतनं सगळा शिशानं मढवला. तळ, भिती, कोपरं. पत्र्यावर पत्रा चडवून, कड दुमडून, थापटून. वर फळ्यांचं झाकान केलं. छपराच्या पन्हळीतनं पानी थेट हौदात सोडलं. पावसात हौद काठोकाठ भरला आनि शिमग्यापत्तुर पुरला. थेंब गळला न्हाई.

"आता वड्याला जायचं न्हाई," भावजी हौसाला म्हनले. "तुला पाय घराभाईर टाकायची गरज न्हाई."

वाडीतल्या बाया जळायच्या. "हौसाचं नशीब बाई. दारात गंगा." आमी डोईवर हंडे घिऊन चिखलातनं यायचो तवा ती परसात उभ्यानं घागर बुडवायची. एकदा म्या सासूला म्हनलं, आपुनबी भावजींकडनं असा हौद करून घिऊ. सासू म्हनली, "पावळीचं पानी प्यायला आपुन काय कावळं हाय?" म्या हंडा उचलला आनि वड्याला गेले. माजी चार पोरं झाली. चारी जगली.

हौसाला त्या हौदाचं पानी लई गोड लागायचं. तवापास्नं मातूर तिचं एक पोट टिकलं न्हाई. कदी दुसऱ्या म्हैन्यात, कदी चवथ्या. दिस गेलं की तिला भावजी उंबऱ्याच्या भाईर जाऊ द्यायचे न्हाईत. म्हनायचे, "बस तू. पानी पी, बस." एक पोरगी पुऱ्या दिसांची झाली. बोटाएवढी. रडलीबी न्हाई नीट. पाचवी पुजायच्या आदी गेली. भावजींनीच बांदाकडंला खड्डा काडला. परत आले, हात धुतले आनि हौसाला तांब्याभर पानी दिलं. म्या तितंच हुती.

मंग तिचं बोलनं कमी झालं. पोट दुकायचं, डोस्कं दुकायचं, तोंडाला चव न्हाई. तिची सासू म्हनाय लागली, दुसरी करा. ओसरीवर चार मानसांत म्हनली. भावजी पट्टी चावत हुते. तोंडातनं काडली, म्हनले, "घर त्येच. म्या त्योच. दुसरी आनून काय हुनार हाय?" म्हातारी म्हनली, "जमीन बदलली की पीक येतंय." भावजी म्हनले, "मला पीक नगं."  पन त्येंला लेकरू पायजे हुतं, हे आमा समद्यांना दिसत हुतं. माजी पोरं त्येंच्या खांद्यावर असायची.

देवळात शेवंताकाकूच्या नातवाच्या नवसाचा नारळ फोडायचा हुता, त्या दिशीचं सांगते. मंडपात बाया जमलेल्या. भावजी वर पत्र्यावर, जोड सैल झालाय का बगत थापटत हुते. हौसानं ताटातला नारळ उचलाय हात लावला, आनि शेवंताकाकू समद्यांफुडं म्हनली, "तू नगं गं. लेकराच्या कामाला वांजंचा हात नगं." हौसानं हात मागं घेतला. वर थापी थांबली. समद्या बाया वर बगाय लागल्या.  मंग परत थापटाय सुरवात झाली. पैल्यापरीस हळू. हौसा खाली मान घालून खांबाला टेकली, आनि नारळ फुटला.

त्या दिसापास्नं तिला कुनी ओटी भरायला बोलावलं न्हाई. तीबी कुनाच्या बारशाला गेली न्हाई. असंच वय सरलं तिचं.

भावजींचं मनगाट कदी पडाय लागलं त्ये त्येंनाच कळलं न्हाई. आदी थापी हातातनं सुटाय लागली. मंग च्याची कपबशी. मंग दोनी पंजे मनगटापास्नं खाली लोंबाय लागले, पडवळ लोंबावं तसे. बोटं वळायची, पन हात वर उचलायचा न्हाई. झाडपाला झाला, देवरसी झाला, मालिश झाली. शेवटी पुन्याच्या मोठ्या दवाखान्यात जायचं ठरलं. हौसाची म्हस त्याच दिशी व्यालेली. मालक तवा वारले हुते, माजी पोरं कामाला गेल्याली. भावजींना एकट्याला शर्टाचं बटनबी लावता येत न्हवतं. म्हनून म्या गेले संगं.

डाक्टरीन बाई तरनीच हुती. तिनं हात बगितले, मंग म्हनली, "काका, तोंड उघडा." हिरडी बगितली. दाताच्या मुळाशी निळी रेग हुती, काळी निळी, कुनी पेन्शिलनं वडल्यासारकी. तिनं इचारलं, काम काय करता? भावजींनी सांगितलं. कढई सांगितली, धूर सांगितला, चावनं सांगितलं. ती लिवत हुती. मंग तिनं इचारलं, "पाणी कुठलं पिता?"

भावजी जरा ताठ बसले. दवाखान्यात आल्यापास्नं पैल्यांदाच. "माजा सवताचा हौद हाय बाई. आतनं समदा शिशानं मढवलेला. पावसाचं पानी. एवडी वर्सं झाली, थेंब गळत न्हाई."

तिचं लिवायचं थांबलं. "घरात अजून कोण कोण पितं ते?"

"म्या आनि मंडळी."

"मुलं?"

"टिकली न्हाईत."

तिनं पेन खाली ठिवला. मंग हळूहळू समजून सांगितलं. पावसाचं पानी शिशात साठून ऱ्हायलं की शिसं त्यात उतरतं. दिसत न्हाई, वास न्हाई. मानसाच्या अंगात बसतं. बाईच्या पोटात गर्भ असला तर त्याला त्ये सोसत न्हाई. "सगळं त्यानंच झालं असं मी म्हणत नाही, काका. पण ते पाणी आजपासून बंद."

भावजींनी इचारलं, "बाई, जोड उगडा पडला हुता का कुठं?" त्येंला वाटलं आपलं काम कच्चं ऱ्हायलं. बाई म्हनली, "नाही काका. काम पक्कं होतं."

येश्टीत भावजी खिडकीला बसले. दोनी हात मांडीवर, तळवं वर. नसरापूर मागं पडलं. मंग म्हनले, "वैनी, पैलं पोट पाय घसरून गेलं, त्ये माज्या डोस्क्यात बसलं. म्या वाटंला दोष दिला. तिला घरात बसवून पाजत ऱ्हायलो."

म्या त्येंच्या शर्टाचं सुटल्यालं बटन लावलं.

"सांगू का नगं तिला?"

"तुमचं घर हाय भावजी. म्या काय सांगू."

"न्हाई सांगितलं तर मरंपत्तुर तिला वाटंल तिच्यातच खोट हुती."

"व्हय."

"आनि सांगितलं तर?"

म्या खिडकीभाईर बगितलं. गड दिसाय लागला हुता.

त्येनी त्याच दिशी सांगितलं, दिस मावळायच्या आदी. भितीपल्याड म्या निवदाला तांदूळ निवडत हुती. भावजींचा आवाज आला, लई येळ.  मंग कडी वाजली. म्या मागल्या दारात आले. हौसा परसात हुती, हातात पहार. हौदात उतरली. पानी गुडघ्याएवडं. तिनं काठाखाली पहार घातली आनि शिशाचा पत्रा उचकटला. नरम शिसं, त्यो सोलल्यासारका निगाला. तुटला न्हाई, फाटला न्हाई. एका अंगाचा समदा हाताला आला. पानी दगडाच्या सांध्यांतनं वाट काडून निगून गेलं. भावजी काठावर उभे. पहार त्येंच्या हातात ऱ्हायची न्हाई, न्हाईतर त्येनीच उतरले असते. त्ये नुसते बगत हुते. खाली.

हौसा वर आली. लुगडं पिळलं. म्हनली, "मला सांगितलंसा. आता देवळात सांगा."

भावजी म्हनले, "सांगतो."

सोमवारी आरतीला वाडी जमली. हौसा खांबाशी, जितं त्या दिशी टेकली हुती तितंच. भावजी मंडपात आले आनि वर बगितलं न्हाई. त्येंनी बांदल्याला जोड बराबर डोक्यावर. म्हनले, "माजी पोरं माज्या हौदाच्या पान्यानं गेली. डाक्टरनं सांगितलं. हौसात काय न्हवतं. हितं ज्यानी ज्यानी तिला बोल लावला, त्यानी त्यो आता मला लावावा." शेवंताकाकू म्हातारी झाली हुती, तितंच बसलेली. तिनं पदर तोंडाला लावला.  नाना गुरवांनी जरा येळ वाट बगितली आनि घंटा वाजवली, आरती व्हायची हुती. हौसानं परसाद घेतला, खाल्ला, आनि घरला गेली. त्या वर्सी दोगीतिगींनी तिला ओटी भरायला बोलावनं धाडलं. ती गेली न्हाई.

घरी येऊन तिनं एवडंच सांगितलं, "पानी हितनं फुडं तुमी आनायचं."

आमच्यात बाप्ये हंडा आनत न्हाईत. खांद्यावर कावड घेत्याल, सायकलीला कॅन लावत्याल, पन डोईवर हंडा न्हाई. भावजींच्या हातात तर तांब्या ठरत न्हवता. हौसा त्येंच्या डोस्क्यावर चुंबळ बसवायची, वर मोकळा हंडा ठिवायची. वड्याच्या वरल्या झऱ्यावर म्या न्हाईतर जी बाई असंल ती भरून डोईवर चडवायची. दोनी हात बाजूला लोंबत, हंडा नुसता मानंवर तोलून भावजी यायचे. पोरं हसायची. गडावर जानारी पुन्याची पोरं फोटू काडायची. म्या एकदा म्हनलं, "भावजी, म्या आनते की एक हंडा जास्तीचा. मला काय जड हाय?" म्हनले, "नगं वैनी. ह्ये माजं हाय."

हौसा त्येंच्याशी बोलत न्हवती. पन भाकर मोडून, कालवून, घास त्येंच्या तोंडात घालायची. रोज, दोनी येळा. भावजी तोंड उगडायचे आनि ती दुसरीकडं बगायची.

दुसऱ्या हिवाळ्यात भावजी गेले. आता वाडीत सलॅपची घरं झाली, नळ आला. माज्या घरावर अजून कवलंच हायत आनि त्येंचा जोडबी हाय. हौसा हाय. संद्याकाळी येती, बसती. हौदात तिनं माती भरून अळू लावलाय. आमी कुनी त्यो खात न्हाई. तिला हिरवं दिसाय पायजे, म्हनून लावलाय.

मला भावजी दिसत्यात त्ये त्या शेवटल्या पावसातले. आशी झड हुती की पावळीच्या धारांफुडं समोरलं घर दिसंना. जिकडंतिकडं पानी, अंगनात, वाटंत, दारात, आनि भावजी वरल्या झऱ्यावरनं हंडा घिऊन येत हुते. दम लागला म्हनून माज्या दारात, छपराखाली आले. अंगावरनं पानी निथळत हुतं. म्या म्हनलं, टेका वाईच. म्हनले, "न्हाई, परत चडवायचं कोन." तसेच उभे ऱ्हायले. त्येंची मान जरा हलली. वर बगायचं हुतं त्येना. पन डोईवर हंडा, मान उचलंना. डोळं तेवडे वर गेले आनि परत खाली आले.

"वैनी, गळतंय का वो?"

म्या आत जाऊन जोडाखाली भितीला हात लावला. कोरडी हुती.

"न्हाई भावजी."

"बरं," म्हनले, आनि पावसात निगाले. त्येंच्या दारात हौसा उभी हुती. तिनं दोनी हातांनी हंडा उतरवून घेतला. मंग त्येनी मान वर केली, आनि आपल्या पावळीकडं बगत लई येळ तसेच भिजत उभे ऱ्हायले. हौसा हंडा खाली ठिवून परत भाईर आली आनि त्येंच्या मनगटाला धरून त्येना आत घिऊन गेली.